कोल्हापूर–लंडन हवाई अंतर व प्रवासकाळ

कोल्हापूर–लंडन हवाई अंतर म्हणजे कोल्हापूर शहराजवळील उजळाईवाडी येथील विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यामधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. हे अंतर सुमारे ७,५१५ कि.मी. (सुमारे ४,०५८ सागरी मैल) भरते. या दोन विमानतळांदरम्यान थेट विमानसेवा नाही. त्यामुळे प्रवाशाला मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर यांसारख्या मोठ्या विमानतळावर विमान बदलावे लागते. मुंबईमार्गे प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ साधारण दहा ते साडेअकरा तास असतो. कोल्हापुरातील शिवाजी पेठेसारख्या वस्तीतील घरापासून लंडन विमानतळाबाहेर पडेपर्यंतचा एकूण काळ मात्र सोळा ते चोवीस तासांचा असतो.

अंतर आणि प्रवासकाळ या दोन वेगळ्या राशी आहेत. अंतर हे भूमितीने ठरते व बदलत नाही. प्रवासकाळ वारे, हवाई हद्दींची उपलब्धता, विमान बदलण्यासाठी लागणारा अवधी, ऋतू आणि रस्त्यांची स्थिती यांवर अवलंबून असतो. परदेशी शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, तसेच आजारपण वा मृत्यू अशा प्रसंगी तातडीने गावी परतू पाहणारी कुटुंबे यांच्या दृष्टीने हा फरक व्यावहारिक महत्त्वाचा ठरतो.

दोन विमानतळ

कोल्हापूर विमानतळ शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडी येथे आहे. त्याचे स्थान सुमारे १६.६६५° उत्तर अक्षांश व ७४.२८९° पूर्व रेखांश असे असून समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर आहे. छत्रपती राजाराम महाराज विमानतळ या नावानेही तो ओळखला जातो. संस्थानकाळात, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (इ.स. १९२२–१९४०), कोल्हापुरात विमानतळाच्या उभारणीस चालना मिळाली. दीर्घकाळ येथील विमानसेवा खंडित स्वरूपाची होती. केंद्र शासनाच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेअंतर्गत इ.स. २०१८ मध्ये नियमित सेवा पुन्हा सुरू झाली. विमानतळाच्या नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले.

शिवाजी पेठ ही शहराच्या पश्चिम भागातील, रंकाळा तलावाजवळची जुनी वस्ती आहे. तेथून विमानतळ रस्त्याने सुमारे दहा ते बारा किलोमीटरवर असून शहर ओलांडून जावे लागते. रहदारीनुसार या टप्प्यास अर्धा ते पाऊण तास लागतो.

हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेस सुमारे ५१.४७१° उत्तर अक्षांश व ०.४६१° पश्चिम रेखांश येथे आहे. तो जगातील सर्वाधिक वर्दळीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळांपैकी एक आहे.

कोल्हापूरहून थेट आंतरखंडीय उड्डाण न होण्यामागे तांत्रिक व आर्थिक अशी दोन्ही कारणे आहेत. लांब पल्ल्याच्या रुंद विमानात इंधनाचे वजन मोठे असते. अशा भरलेल्या विमानाला उड्डाणासाठी साधारण अडीच ते तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी लागते. कोल्हापूरची धावपट्टी त्याहून आखूड आहे. शिवाय सुमारे ६०० मीटर उंचीवर हवा किंचित विरळ असते. उन्हाळ्यातील उष्णतेने ती आणखी विरळ होते आणि विमानास अधिक लांब धाव घ्यावी लागते. दुसरे कारण प्रवासीसंख्येचे आहे. अडीचशे ते तीनशे आसनांचे विमान नियमित चालविण्याइतके प्रवासी एकाच शहरातून एकाच परदेशी शहरासाठी मिळाले तरच सेवा परवडते. म्हणून लहान शहरांतील प्रवासी आधी मोठ्या विमानतळावर आणून तेथून पुढे पाठविण्याची पद्धत जगभर रूढ आहे.

अंतराची गणना

पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्वृत्ताचा कंस असतो. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो, त्यास बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त आणि सर्व रेखावृत्ते ही बृहद्वृत्तांची परिचित उदाहरणे आहेत. विषुववृत्त वगळता इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्वृत्ते नसतात.

दोन ठिकाणांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असल्यास त्यांच्यामधील कोनीय अंतर गोलीय त्रिकोणमितीच्या पुढील नियमाने काढता येते:

कोनीय अंतराची कोज्या = (पहिल्या अक्षांशाची ज्या × दुसऱ्या अक्षांशाची ज्या) + (पहिल्या अक्षांशाची कोज्या × दुसऱ्या अक्षांशाची कोज्या × रेखांशांतील फरकाची कोज्या)

कोल्हापूर व हीथ्रो यांच्यासाठी ही गणना अशी होते:

१. कोल्हापूर पूर्व रेखांशावर व हीथ्रो पश्चिम रेखांशावर असल्याने रेखांशांची बेरीज करावी लागते: ७४.२८९ + ०.४६१ = ७४.७५०°.
२. अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार: ०.२८६८ × ०.७८२३ = ०.२२४४.
३. तीन कोज्यांचा गुणाकार: ०.९५८० × ०.६२२९ × ०.२६३० = ०.१५६९.
४. बेरीज: ०.३८१३. ज्या कोनाची कोज्या ०.३८१३ आहे, तो कोन सुमारे ६७.५९°.
५. बृहद्वृत्तावरील एका अंशाची लांबी सुमारे १११.२ कि.मी. असते. म्हणून अंतर सुमारे ७,५१५ कि.मी.

या गणनेत पृथ्वी पूर्ण गोल असून तिची सरासरी त्रिज्या ६,३७१ कि.मी. आहे असे मानले आहे. वास्तविक पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. चपटेपणा लक्षात घेणाऱ्या अधिक अचूक पद्धतीने येणारे उत्तर यापेक्षा थोडे वेगळे, साधारणतः अर्ध्या टक्क्याच्या आत, येते. वेगवेगळ्या ठिकाणी दिलेल्या अंतरांत दहा-वीस किलोमीटरची तफावत दिसते, तिचे हे एक कारण आहे. विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरून अंतर मोजणे हे दुसरे कारण होय.

विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ कि.मी. एवढा असतो. मूलतः ही लांबी रेखावृत्तावरील एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी, म्हणजे एका कलेइतकी, मानली गेली होती. त्यामुळे ६७.५९ अंशांना ६० ने गुणले असता अंतर सागरी मैलांत सुमारे ४,०५५ मिळते व वरील आकड्याचा ताळा पडताळता येतो.

नकाशावरील सरळ रेषा आणि प्रत्यक्ष मार्ग

भिंतीवरील जगाच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून कोल्हापूर व लंडन जोडल्यास मिळणारी रेषा हा सर्वांत जवळचा मार्ग नसतो. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावरील अशी रेषा कायम एकच दिशा राखते. होकायंत्राच्या साहाय्याने चालणाऱ्या जहाजांना ती सोयीची होती. कोल्हापूर ते लंडन या मार्गावर तिची लांबी सुमारे ७,७२० कि.मी. भरते, म्हणजे बृहद्वृत्तीय मार्गापेक्षा सुमारे २०० कि.मी. अधिक.

बृहद्वृत्तीय मार्गावर दिशा सतत बदलत राहते. कोल्हापूरहून निघताना ही दिशा वायव्येकडे, उत्तरेपासून पश्चिमेस सुमारे ४० अंश असते. लंडनजवळ पोहोचताना ती जवळजवळ थेट पश्चिमेकडे होते. हा मार्ग मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर जातो. नंतर तो कराचीचा परिसर, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस, काळा समुद्र, क्रिमियाचा परिसर, युक्रेन व रोमानिया यांचा सीमाभाग आणि जर्मनी ओलांडून लंडनला पोहोचतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास हाच मार्ग सहज दिसतो. शाळेत हा प्रयोग करता येण्याजोगा आहे.

विमान बदलण्याच्या ठिकाणानुसार अंतर

विमान कोठे बदलायचे यावर एकूण अंतर अवलंबून असते. पुढील तक्त्यात चार भारतीय विमानतळांमार्गे होणारी अंतरे वरील पद्धतीने काढून दिली आहेत. सर्व आकडे किलोमीटरमध्ये व अंदाजे आहेत.

| मार्ग | कोल्हापूरपासून | तेथून हीथ्रोपर्यंत | एकूण | थेट अंतरापेक्षा अधिक |
|---|---|---|---|---|
| मुंबई | ३०९ | ७,२१३ | ७,५२२ | ७ |
| दिल्ली | १,३५३ | ६,७३२ | ८,०८५ | ५७० |
| हैदराबाद | ४४५ | ७,७५३ | ८,१९८ | ६८३ |
| बंगळूर | ५३२ | ८,०४७ | ८,५७९ | १,०६४ |

या तक्त्यातून दिसते की मुंबईमार्गे जाताना थेट मार्गापेक्षा जेमतेम सात किलोमीटर अधिक पडतात. मुंबई ही कोल्हापूर–लंडन बृहद्वृत्ताच्या अगदी जवळ असल्याचा हा परिणाम आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबाबत हे अधिकच खरे ठरते. कोल्हापूरपासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळाचे थेट अंतर सुमारे १२,८४० कि.मी. आहे आणि मुंबईमार्गे होणारे अंतरही जवळजवळ तेवढेच भरते.

याउलट बंगळूर किंवा हैदराबादमार्गे जाताना प्रवासी आधी लंडनपासून दूर जातो. तरीही पुढचे विमान सोयीच्या वेळेस मिळत असल्यास हा लांबचा मार्ग एकूण वेळेत कमी पडू शकतो. एक हजार किलोमीटरचे जादा अंतर विमान सव्वा तासाच्या आत कापते. मुंबईत पुढच्या विमानासाठी सहा तास थांबावे लागले, तर अंतरातील बचतीचा उपयोग राहत नाही.

उड्डाणाचा काळ

आधुनिक प्रवासी जेट विमान १० ते १२ कि.मी. उंचीवर ताशी सुमारे ९०० कि.मी. वेगाने उडते. मुंबई–हीथ्रो हे ७,२१३ कि.मी. अंतर या वेगाने आठ तासांत कापले जावे. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाण्यास साधारण नऊ ते साडेदहा तास व परतीस साडेआठ ते साडेनऊ तास लागतात. या फरकाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

वारे: मध्य अक्षांशांवर, जेट विमाने उडतात त्याच उंचीच्या सुमारास, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ असतात. लंडनकडे जाताना हे वारे समोरून येतात व परतताना पाठीशी असतात. उदाहरणार्थ, सरासरी ताशी ६० कि.मी. वेगाचा वारा धरल्यास जमिनीच्या सापेक्ष वेग जाताना ताशी ८४० कि.मी. व येताना ताशी ९६० कि.मी. होतो. तेवढ्यानेच जाण्या-येण्याच्या वेळेत एक तासाहून अधिक फरक पडतो.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला लंडन ‘जवळ येते’, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. तसा परिणाम असता तर पश्चिमेकडचा प्रवास लवकर झाला असता. प्रत्यक्ष अनुभव उलट आहे.

जमिनीवरील हालचाल: वेळापत्रकातील काळ विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहणे आणि उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे हे सर्व त्यात येते. मुंबई व हीथ्रो हे दोन्ही विमानतळ गजबजलेले असल्याने हा वेळ लक्षणीय असतो.

हवाई हद्दी: प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर सार्वभौम अधिकार असतो. हद्द बंद झाल्यास विमानांना वळसा घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपली हवाई हद्द बहुतांशी बंद ठेवली होती. २४ एप्रिल २०२५ पासून त्या देशाने भारतीय विमान कंपन्यांना हद्द पुन्हा बंद केली. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. जून २०२५ मध्ये इराण व इस्रायल यांच्यातील संघर्षात इराणची हद्दही काही काळ बंद होती. कोल्हापूर–लंडन बृहद्वृत्त या तिन्ही प्रदेशांच्या परिसरातून जाते. त्यामुळे गणिताने ठरलेला सर्वांत जवळचा मार्ग प्रत्यक्षात नेहमी उपलब्ध असतोच असे नाही. वळसा पडल्यास वेळ व इंधन दोन्ही वाढतात.

घरापासून गंतव्यापर्यंतचा काळ

शिवाजी पेठेतून निघून मुंबईमार्गे लंडनला पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेची साधारण विभागणी पुढीलप्रमाणे करता येते.

| टप्पा | लागणारा वेळ |
|---|---|
| शिवाजी पेठ ते उजळाईवाडी | अर्धा ते पाऊण तास |
| चेक-इन व सुरक्षा तपासणी | दीड ते दोन तास |
| कोल्हापूर ते मुंबई उड्डाण | एक ते सव्वा तास |
| मुंबईतील थांबा | तीन ते आठ तास |
| मुंबई ते हीथ्रो उड्डाण | नऊ ते साडेदहा तास |
| इमिग्रेशन व सामान घेणे | एक ते दोन तास |
| एकूण | सुमारे सोळा ते साडेचोवीस तास |

एकूण काळातील सर्वांत अनिश्चित घटक मुंबईतील थांबा हा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरील दोन प्रवासी इमारती एकमेकींपासून अंतरावर आहेत. देशांतर्गत विमान सांताक्रूझ बाजूच्या पहिल्या इमारतीत उतरल्यास सहार बाजूच्या दुसऱ्या इमारतीपर्यंत रस्त्याने जावे लागते. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असल्यास पहिले विमान उशिरा आल्यावर पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनीकडे राहते. तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असल्यास चुकलेल्या विमानाचे नुकसान बहुधा प्रवाशालाच सोसावे लागते. त्यामुळे वेगळी तिकिटे काढणारे प्रवासी मध्ये अधिक अवधी ठेवतात.

रस्ता व रेल्वे

कोल्हापूर ते मुंबई हा टप्पा अनेक प्रवासी विमानाऐवजी रस्त्याने किंवा रेल्वेने पार करतात. राष्ट्रीय महामार्ग ४८ व मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने हे अंतर सुमारे ३७५ ते ३८० कि.मी. असून मोटारीने सात ते आठ तास लागतात. श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर लोहमार्गाने ५१८ कि.मी. आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस ही या मार्गावरील रात्रीची परिचित गाडी आहे. लोहमार्ग मिरज, सातारा व पुणे असा वळणे घेत जातो. म्हणून हवाई अंतर (३०९ कि.मी.), रस्ता आणि लोहमार्ग यांच्या लांबीत एवढी तफावत पडते.

रस्त्याने मुंबईस जाऊन पुढे विमान पकडल्यास एकूण काळ वीस ते चोवीस तास होतो, म्हणजे विमान बदलून होणाऱ्या प्रवासाच्या वरच्या मर्यादेच्या जवळपास. सामान अधिक असणे, विमानाच्या वेळा न जुळणे आणि कुटुंबीयांना निरोपासाठी मुंबईपर्यंत जाता येणे या कारणांनी हा पर्याय निवडला जातो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ पुण्याच्या बाजूने येणाऱ्या प्रवाशांना मुंबई शहरात न शिरता गाठता येतो.

पावसाळ्यात रस्त्याचा पर्याय बेभरवशाचा होऊ शकतो. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आल्याने तो काही दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्येही तशीच स्थिती उद्भवली. अशा वेळी शहराचा रस्त्याने पुण्या-मुंबईशी संपर्क तुटतो. पावसाळ्यात कमी दृश्यमानतेमुळे विमानेही उशिरा सुटतात अथवा रद्द होतात.

घड्याळातील फरक

भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशावर आधारित असून ती ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. त्यामुळे भारत व ब्रिटन यांच्या वेळेतील फरक हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास असतो.

कोल्हापूरचा रेखांश ७४.२८९° असल्याने सूर्यावरून ठरणारी तेथील सरासरी स्थानिक वेळ ग्रीनिचपेक्षा सुमारे ४ तास ५७ मिनिटे पुढे आहे. म्हणजेच कोल्हापुरात सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असतो व सरासरीने दुपारी साडेबाराच्या सुमारास माथ्याजवळ येतो.

वेळापत्रकातील सर्व वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी पोहोचल्यास लंडनच्या घड्याळात सायंकाळचे ५ वाजलेले असतात. वरवर पाहता प्रवास चार तासांचा वाटतो. परतताना लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान पावणेनऊ तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.१५ वाजता उतरते आणि प्रवास सव्वाचौदा तासांचा भासतो. या दोन भासमान कालावधींची सरासरी (४ तास आणि १४ तास १५ मिनिटे यांची) ९ तास साडेसात मिनिटे येते. ती दोन्ही दिशांच्या खऱ्या उड्डाणकाळांच्या सरासरीइतकीच असते, कारण वेळेतील फरक एकदा वजा होतो व एकदा मिळविला जातो. वेळापत्रकावरून सरासरी उड्डाणकाळ काढण्याची ही सोपी रीत आहे. मात्र दोन्ही प्रवासांच्या मध्ये ब्रिटनमधील घड्याळे बदललेली नसावीत.

इतिहास

कोल्हापूर व लंडन यांच्यातील प्रवासाचा एक महत्त्वाचा नोंदलेला प्रसंग इ.स. १८७० मधील आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) त्या वर्षी इंग्लंडला गेले. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्येच खुला झाला होता. कोल्हापुरात तेव्हा रेल्वे नव्हती. मुंबई ते लंडन हा प्रवासच आगबोट व आगगाडीने काही आठवड्यांचा होता. महाराजांनी या प्रवासात रोजनिशी ठेवली होती. ती कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून इ.स. १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली.

परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय वीस वर्षांचे होते. त्यांच्यावर फ्लॉरेन्समध्येच आर्नो नदीच्या काठी, मुन्योने नदीच्या संगमाजवळ अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या ठिकाणी, कॅशिने उद्यानाच्या टोकास, इ.स. १८७४ मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. त्याची छत्री कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स मँट यांनी रचली. जवळच्या पुलाचे इटालियन नावही या ‘भारतीया’च्या स्मरणाशी जोडलेले आहे. ज्या काळी अंतर आठवड्यांत मोजले जाई, त्या काळी परदेशातील मृत्यूनंतर देह मायभूमीस आणणे जवळजवळ अशक्यप्राय होते, याचे हे उदाहरण आहे.

मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग इ.स. १८९१ मध्ये सुरू झाला आणि कोल्हापूर आगगाडीने मुंबईशी जोडले गेले. राजर्षी शाहू महाराज इ.स. १९०२ मध्ये सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली.

नागरी विमानवाहतुकीने हा काळ टप्प्याटप्प्याने घटविला. इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची टपाल व प्रवासी सेवा सुरू केली. काही भाग आगगाडीने पार करावा लागत असलेल्या या प्रवासास सुमारे सात दिवस लागत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपालाचे विमान आणले. त्यामुळे मुंबईचे टपाल लंडनच्या हवाई मार्गाशी जोडले गेले.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून झाले. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जून रोजी लंडनला पोहोचले. इ.स. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ हे जेट विमान सेवेत आणले व इ.स. १९७१ मध्ये बोइंग ७४७ आले. पुढे अधिक पल्ल्याच्या विमानांमुळे मधले थांबे अनावश्यक झाले. १ ऑगस्ट २००७ रोजी याच कंपनीने मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली.

या क्रमात कोल्हापूर–लंडन अंतर ७,५१५ कि.मी. इतकेच राहिले. काळ मात्र काही आठवड्यांवरून सात-आठ दिवसांवर, तेथून दोन दिवसांवर व अखेरीस एका दिवसाच्या आत आला. यापुढील घट विमानाच्या वेगातून होण्यापेक्षा जमिनीवरील वेळेतून होण्याची शक्यता अधिक आहे. सोळा तासांच्या प्रवासातही सुमारे सहा तास विमानाबाहेर जातात आणि लांबलेल्या प्रवासात हा वाटा अर्ध्याहून अधिक होतो. कोल्हापूरहून सुटणाऱ्या विमानांच्या वेळा व पुढील आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वेळा यांचा मेळ किती जुळतो, यावरच शिवाजी पेठेतील प्रवाशासाठी लंडन किती तासांवर आहे हे ठरते.

हेसुद्धा पहा

कोल्हापूर विमानतळ
छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
हीथ्रो विमानतळ
बृहद्वृत्त
भारतीय प्रमाणवेळ
जेट प्रवाह
राजाराम महाराज (दुसरे), कोल्हापूर
शिवाजी पेठ